हात फिरे तिथे लक्ष्मी, पण हात कुणाचा?

मला साफसफाई आवडत नाही.

एवढं एक वाक्य मी मागच्या दिवाळीत फराळाला जमलेल्या चारचौघांत बोलून गेले आणि खोली अशी काही चिडीचूप झाली की जणू मी म्हटलं होतं, मला माझी आई आवडत नाही. मावसबहिणीने "चल, काहीतरीच!" म्हणून सांभाळून घेतलं. एका काकूंनी नकळत सोफ्याच्या हातावरून बोट फिरवून पाहिलं. (खरंच फिरवलं. मी त्या बोटाकडेच बघत होते.) गंमत अशी की शेजारी बसलेला माझा नवरा हेच वाक्य गेली बावीस वर्षं प्रत्येक समारंभात उजळ माथ्याने म्हणत आला आहे. "आपल्याला बुवा ते आवराआवरीचं काही जमत नाही!" लोक हसतात आणि त्याच्या बशीत आणखी एक चकली पडते.

असो. चकलीचा राग बाजूला ठेवते. आज मला भांडायचंय ते साफसफाई न आवडणाऱ्यांसाठी छापल्या जाणाऱ्या त्या 'वेळ वाचवणाऱ्या सोप्या टिप्स'शी. या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे, कारण माझ्याइतक्या टिप्स फार थोड्या लोकांनी जमवल्या असतील. लग्न झालं तेव्हापासून मी एक प्लॅस्टिकची फाइल ठेवली आहे. आधी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधली कात्रणं, मग इंटरनेटवरून ऑफिसच्या प्रिंटरवर चोरून काढलेली पानं, मग व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं मी हाताने उतरवून घेतलेलं. काम टाळायला माणूस किती काम करतो याचा ती फाइल म्हणजे पुरावा आहे. आता ती इतकी जाड झालीय की तिच्यावरचीच धूळ पुसावी लागते.

आणि एवढं सगळं वाचून, करून, करवून घेऊन माझं मत असं झालंय की या युक्त्यांनी वेळ वाचत नाही. वेळ सरकतो. आजचा उद्यावर सरकतो, नाहीतर माझ्या अंगावरचा दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर सरकतो. ज्याच्यावर सरकतो त्याला त्या लेखात जागा नसते.

आधी घर कुठे आहे ते सांगते, म्हणजे माझी तक्रार कळेल. आम्ही राहतो माहीमला, लेडी जमशेटजी रोडपासून दोन मिनिटांवर, जुन्या चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. ज्यांनी हा रस्ता पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. एका बाजूला समुद्राची खारी ओल, दुसऱ्या बाजूला दिवसरात्र न थांबणारी गाड्यांची रांग, बुधवारी सेंट मायकल चर्चच्या नोव्हेनाची गर्दी, डिसेंबरात दर्ग्याचा उरूस. भुयारी मेट्रोचं खोदकाम चालू होतं तेव्हा तर विचारूच नका. शीतलादेवी मंदिर स्टेशन २०२५ च्या मे महिन्यात एकदाचं सुरू झालं, पण त्याआधी कित्येक वर्षं सकाळी पुसलेल्या टीव्हीवर संध्याकाळी बोटाने सही करता यायची. आणि आमच्याकडची धूळ नुसती धूळ नसते. खाऱ्या हवेत ती चिकट होते, खिडकीच्या जाळीवर बसते, खाली जाळी गंजते. पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीला बुरशी, चामड्याच्या चपलांवर पांढरी लव. अशा घरात "येता-जाता फडकं फिरवलं की झालं" असं कुणी म्हणालं की त्या माणसाला चार दिवस आमच्याकडे राहायला बोलवावंसं वाटतं. फडकं मी देईन.

आता फाइल उघडते. सगळ्यात लाडकी टीप म्हणजे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सिंकमध्ये ओता. तुम्ही वाचली असेलच. सोडा आम्लारीधर्मी, व्हिनेगर आम्ल. दोन्ही भेटले की फसफसतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि मागे उरतं पाणी नि थोडंसं सोडियम अ‍ॅसिटेट. म्हणजे दोन उपयोगी वस्तू घालून एक निरुपयोगी वस्तू तयार केली. वेगवेगळे वापरले तर दोघेही कामाचे आहेत. सोड्याने घासता येतं, व्हिनेगरने नळाचा पांढरा थर निघतो. पण एकत्र केल्यावर फेस येतो, आणि फेस दिसला की आपल्याला वाटतं स्वच्छ होतंय! दुसरी टीप तर सरळ परदेशातून भाषांतर होऊन आलेली: "जड पाण्याचे डाग कसे घालवाल?" अहो, मुंबईला पालिकेचं पाणी येतं तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतलं, पावसाचं. ते चांगलं मऊ आहे. ज्या इमारतींत बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी आहे तिथे डाग पडतात हे मान्य. पण टीप लिहिणाऱ्याने नळाला कुठलं पाणी येतं हे विचारायला नको?

तिसरी माझ्या विशेष डोक्यात जाते. "रोज फक्त पंधरा मिनिटं द्या." हे 'फक्त' बघा. पंधरा मिनिटं गुणिले ३६५ म्हणजे वर्षाला एक्याण्णव तास. झोपबिप न धरता जवळजवळ चार दिवस नि चार रात्री. आणि ही पंधरा मिनिटं स्वयंपाक, भांडी, कपडे सोडून बरं का. ती 'वरची' आहेत. एखाद्या बँकेने असं 'फक्त' लावून पैसे कापले असते तर आपण मोर्चा काढला असता.

या सगळ्या लेखांची सुरुवात मात्र ठरलेली असते. "गृहिणींनो" किंवा "मैत्रिणींनो". माझ्या फाइलीत एकही कात्रण "मित्रांनो" म्हणून सुरू होत नाही. आळस हा पुरुषाचा स्वभाव असतो नि बाईचा दोष असतो, तेव्हा टिपेची गरज बाईलाच.

साफसफाईचा राग उघडपणे करणारी एक बाई अमेरिकेत होऊन गेली, फ्रान्सिस गेब. ऑरेगन राज्यात न्यूबर्ग म्हणून गाव आहे, तिथली. तिने टिपा जमवल्या नाहीत. तिने स्वतःला स्वतः धुणारं घर बांधलं. थट्टा नाही, १९८४ साली तिला त्याचं पेटंट मिळालं. प्रत्येक खोलीच्या छताला पाण्याचा फिरता फवारा. बटण दाबलं की साबणाचं पाणी, मग साधं पाणी, मग गरम हवा. जमिनीला उतार, फर्निचरला पाणी न लागणारा लेप, पुस्तकांना प्लॅस्टिकची आवरणं. बशा कपाटातच धुतल्या जायच्या. आणि खोल्यांतून वाहून जाणारं पाणी कुत्र्याच्या घरातून जायचं, म्हणजे कुत्राही धुतला जायचा! बाई एकशे एक वर्षं जगली, २०१६ मध्ये गेली, आणि तिच्या घरासारखं घर दुसऱ्या कुणी घेतलं नाही. जगाने तिला विक्षिप्त म्हटलं. मला ती फार शहाणी वाटते. (आमच्या इमारतीत तो फवारा बसवला असता तर खालच्या मजल्यावरच्या जोश्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझं काय केलं असतं, हा प्रश्न वेगळा.) तिने निदान प्रश्न बरोबर ओळखला होता. काम लवकर कसं उरकेल हा तो प्रश्न नाही. हे काम माणसाच्या हातून जाईल कसं, हा आहे.

आता तुम्ही म्हणाल, यंत्रं आली की! मिक्सर आला, वॉशिंग मशीन आलं, व्हॅक्यूम क्लीनर आला. आली खरी. जोअ‍ॅन व्हॅनेक या संशोधक बाईंनी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या घरकामाचा जुना-नवा हिशोब मांडला होता. नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२० च्या दशकात आठवड्याला साधारण बावन्न तास घरकाम करत होत्या, आणि मधे सगळी यंत्रं येऊन गेल्यावर १९६० च्या दशकात पंचावन्न! पुढे १९८३ मध्ये रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी एक आख्खं पुस्तकच लिहिलं, त्याच्या नावातच आहे की आईचं काम वाढलं. त्यांचं म्हणणं मोठं पटण्यासारखं आहे. जुन्या काळी जड सतरंज्या-गालिचे बाहेर नेऊन झोडपायचं काम घरातले पुरुष आणि मुलगे करायचे, तेही क्वचित. व्हॅक्यूम क्लीनर आल्यावर ते काम 'सोपं' झालं, आणि सोपं झालं म्हणून बाईचं झालं, आणि बाईचं झालं म्हणून दर आठवड्याचं झालं. आपल्याकडे वेगळं काय घडलं? माझ्या आईच्या घरी चादरी पंधरा दिवसांनी धुवायला निघायच्या. आमच्याकडे मशीन आहे, तर दर रविवारी. का? तर "मशीनच धुतं ना!" मशीन धुतं. काढतं कोण, वाळत कोण घालतं, माहीमच्या पावसाळ्यात आतल्या दोरीवर पंख्याखाली उलटसुलट कोण करतं, घड्या कोण घालतं?

सरकारी आकडा हवा असेल तर तोही आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत असं निघालं की देशात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, आणि जे पुरुष करतात ते ९७ मिनिटं. 'जे करतात ते' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्या दिवशी घरकामाला हात लावलेले पुरुष होते शंभरातले सव्वीस, आणि बायका एक्याऐंशी. बाकीच्या चौऱ्याहत्तर पुरुषांनी वेळ वाचवायची जगातली सगळ्यात प्रभावी टीप वापरली होती. त्यांनी ते केलंच नाही.

पण मी हे बायका विरुद्ध पुरुष असं रंगवून सुटू शकत नाही. मला पुढचं लिहायला जड जातंय, म्हणून एवढा वेळ अमेरिकेत फिरत होते.

आमच्याकडे एक मावशी कामाला येतात. धारावीतून चालत येतात. केर-लादी, भांडी, आणि सणासुदीला वरचं. २०१४ च्या दिवाळीच्या आधी माझ्या फाइलीत एक नवीन कात्रण आलं होतं, बाथरूमच्या टाइल्स अर्ध्या वेळात पांढऱ्याशुभ्र कशा कराव्यात याचं. आधी ब्लीचिंग पावडर पसरा, वरून टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड ओता, दहा मिनिटं ठेवा, घासायची गरजच नाही. संध्याकाळी पाहुणे येणार होते. मी मावशींना ती टीप समजावून सांगितली, बाटली नि डबा हातात दिला आणि चिवडा परतायला गेले.

मी बी.एस्सी. आहे. केमिस्ट्री घेऊन. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड घातलं की क्लोरीन वायू निघतो हे मी परीक्षेत समीकरणासकट लिहिलंय, आणि त्याच वायूने १९१५ साली बेल्जियममध्ये ईप्रच्या रणांगणावर सैनिकांची फुप्फुसं जाळली होती हेही मला ठाऊक होतं. पण ते ज्ञान कॉलेजच्या वहीत होतं आणि टीप पुरवणीत होती, दोघांची गाठ माझ्या डोक्यात पडली नाही. आमच्या बाथरूमला एकच हातभर खिडकी आहे. थोड्या वेळाने मावशी भिंत धरत बाहेर आल्या. खोकला थांबेना, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "ताई, घशात काहीतरी जळतंय," एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांना गॅलरीत बसवलं, डोळ्यांवर पाणी मारलं, नवऱ्याने डॉक्टरांकडे नेलं. थोडक्यात निभावलं. दोन दिवस त्या आल्या नाहीत.

हे झालं काय घडलं ते. आता माझ्या मनात काय आलं ते सांगते. त्या गॅलरीत खोकत होत्या तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला, बाथरूम अर्धंच राहिलं आणि सात वाजता माणसं येणार. आणि मी त्यांना जे म्हणाले ते वाक्य होतं, "मावशी, तुम्ही घाईत जास्त ओतलंत का?"

त्या "हो" म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या.

वेळ वाचवायची टीप होती. वेळ माझा वाचणार होता. फुप्फुसं त्यांची होती. नंतर बघितलं तर त्या फाइलीतल्या निम्म्या टिपा मी स्वतः कधीच वापरलेल्या नव्हत्या. मी त्या सांगितल्या होत्या. स्टुलावर चढून पंख्याच्या पात्याला जुना उशीचा अभ्रा चढवा आणि ओढा, म्हणजे धूळ आत पडते. उत्तम टीप आहे, खरंच चालते. स्टुलावर कोण चढलं होतं?

दिवाळीत आपण लक्ष्मीपूजनाला केरसुणीची पूजा करतो. हळदकुंकू वाहतो. 'हात फिरे तिथे लक्ष्मी' म्हणतो. पण लक्ष्मी राहते त्या घरात आणि हात असतो दुसऱ्याच घरातला, महिना अमुक रुपये, कामाप्रमाणे. गाडगेबाबा गावात शिरायचे ते खराटा घेऊन, आणि खराटा त्यांच्या स्वतःच्या हातात असायचा. दिवसा झाडायचे, रात्री कीर्तन. आपण त्यांचे फोटो लावले, त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, आणि खराटा तेवढा दुसऱ्याच्या हातात दिला.

मग २०२० साल उजाडलं. मार्चअखेर सगळं बंद झालं. एप्रिलच्या पहिल्या तारखेला धारावीत पहिला रुग्ण सापडला आणि त्या दिवसापासून आमच्या इमारतीच्या फाटकावर 'धारावी' हा शब्दसुद्धा घेईनासे झाले. मावशी कित्येक महिने येऊ शकल्या नाहीत. (पगार? एप्रिल, मे पूर्ण दिला. जूनपासून अर्धा. मी स्वतःला उदार समजत होते. अर्ध्या पगारात पोटही अर्धंच भरतं हे मला तेव्हा सुचलं नाही.)

त्या महिन्यांत घर आम्ही साफ केलं. मी, नवरा, आणि कॉलेजातला मुलगा. आणि आठच दिवसांत आम्हाला जे शोध लागले ते माझ्या फाइलीला वीस वर्षांत लागले नव्हते. लादी रोज पुसली नाही तरी चालते, हा पहिला. त्या दिवसांत रस्ता ओस पडला होता, धूळ कमी होती, हे खरं. पण गाड्या परत सुरू झाल्यावरही दिवसाआड पुसून आमचं काही बिघडलं नाही. खिडकीची जाळी महिन्यातून एकदा. शोकेस? शोकेसमध्ये त्रेचाळीस वस्तू होत्या, मुलाने मोजल्या. अकरा गणपती, चार घड्याळं, बाकी मोमेंटो. प्रत्येक उचला, पुसा, खालची काच पुसा, परत ठेवा. नवऱ्याने एकदाच केलं आणि दुसऱ्या दिवशी शोकेस रिकामी करून वस्तू खोक्यात भरल्या. बावीस वर्षं ती शोकेस कुणाला खुपली नव्हती. मावशी पुसत होत्या ना!

इथे मला खरी गोम सापडली. ज्याला काम करावं लागत नाही तोच त्या कामाचं माप ठरवत असेल, तर ते माप कधीही कमी होत नाही. आणि त्याचा पुरावा पुढेच आला. निर्बंध उठले, मावशी परत आल्या, आणि एका आठवड्याच्या आत आमच्याकडे लादी रोज पुसली जाऊ लागली. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललं नाही. जे काम आम्हाला आमच्या हातांनी अनावश्यक वाटलं होतं, ते त्यांच्या हातांनी पुन्हा आवश्यक झालं.

याच सुमारास वरच्या मजल्यावरच्या एका घरात तो आपोआप फिरणारा केर काढायचा रोबो आला. मी बघायला गेले, छान होता, खाटेखाली जायचा. त्या वहिनी म्हणाल्या, "आता बाईचं केराचं काम गेलं, तेवढे पैसे कमी केले." म्हणजे वेळ वाचला की तो मालकाचा, आणि वाचलेल्या वेळाचे पैसे कापायचे ते मोलकरणीचे. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, तो माझ्या ओळखीच्या किती घरांत माहीत आहे हे मी विचारून पाहिलं. लोकांना वाटलं मी सोसायटीच्या निवडणुकीबद्दल बोलतेय.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि ते कुणाला टोचलं तर टोचू दे. साफसफाई न आवडणं हा गुन्हा नाही. ती मलाच नाही, मावशींनाही आवडत नाही, मी विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "कुनाला आवडंल ताई?" पण न आवडणारं काम दुसऱ्याकडून वेगाने करून घेणं याला टीप म्हणायचं नाही. टीप तीच, जिने काम मुळातून नाहीसं होतं, किंवा जी सांगणारा स्वतः करतो.

अशा थोड्या मला माहीत आहेत. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटांच्या डोक्यावर जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवा. फोडणीचा चिकट थर त्यांच्यावर बसतो, चार महिन्यांनी गुंडाळून फेकून द्या, घासायला काही उरतच नाही. (पुरवण्या यासाठी फार चांगल्या.) एक्झॉस्टची जाळी रात्री गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून बुडवा आणि झोपा, भिजत घालणं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं, घासायच्या आधी वेळाला काम करू द्यायचं. धूळ कोरड्या फडक्याने झटकू नका, ती फक्त बाजूच्या खुर्चीवर जाते. ओलं पिळलेलं फडकं, वरून खाली, पंखा बंद करून. अंघोळ केलेल्या माणसाने स्वतः वायपर मारून बाहेर यायचं, अर्धं मिनिट लागतं, बुरशी निम्मी होते. प्रत्येक माणसाने, म्हणजे त्यात मुलगेही आले. आणि ब्लीच एकटं वापरायचं, फक्त पाण्यात, त्यात दुसरं काहीही घालायचं नाही. हे मी आता बाटलीवर जाड पेनाने मराठीत लिहून ठेवलंय, कारण कंपनीची सूचना मुंगीच्या अक्षरात आणि इंग्रजीत असते, आणि मावशींना वाचता येतं, पण इंग्रजी नाही.

बाकी सगळ्यात अवघड युक्ती म्हणजे न बघणं. बाथरूम आता नवरा धुतो. वाईट धुतो. कोपरे सोडतो. पहिले तीन महिने मी मागून जाऊन कोपरे घासत होते आणि वर तोंडाने बडबडत होते. मग लक्षात आलं की मी त्याला टिपा देतेय. गप्प बसले. कोपरे अजून तसेच आहेत, आणि आम्ही सगळे जिवंत आहोत. परवा त्याच काकू आल्या होत्या. पुस्तकांच्या कपाटावरून बोट फिरलं. मी म्हटलं, "ते त्याच्याकडे आहे." आतून आवाज आला, "बुधवारी पुसतो!" काकू माझ्याकडे बघत राहिल्या, त्याच्याकडे नाही.

मावशींचं असं ठरवलं की लादी दिवसाआड, रविवारी सुट्टी, शोकेस नाहीच, माळा आमचा आम्ही काढणार. पगार तेवढाच. पहिल्या दिवशी सव्वादहालाच त्यांचं झालं. पूर्वी असं कधी लवकर झालं की मी काहीतरी शोधून द्यायचे, "मावशी, झालंच आहे तर जरा त्या बरण्या..." त्यामुळे त्या पदर खोचून उभ्याच होत्या. मी म्हटलं, जा घरी. त्या दारापर्यंत गेल्या, चप्पल घातली आणि मागे वळल्या.

"ताई, पगार तोच ना?"

"तोच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं. तिसऱ्या दिवशीही.